पन्नास

जेल रोडवरच्या मन्सूरीनं
चिमटीत एक काळी कडी धरून सांगितलं,
"भिया, वायरीला घाला, बाहेरचा कचरा आत येणारच नाही."
अशा अकरा घेतल्या.
घरी आल्यावर वायरी
उंदीर गिळलेल्या धामणींसारख्या पडून राहिल्या
टीव्हीच्या टेबलामागे.
घरघर होती तिथेच होती.

मी हेरंब टिल्लू,
तेहतीस वर्षं पोलोग्राउंडला, वीज मंडळात.
रात्रपाळीला समोर एक तबकडी,
काटा पन्नासावर हवा.
एकोणपन्नासच्या खाली घसरला की फोन उचलायचा
आणि कुठलंतरी गाव अंधारात ढकलायचं,
नाव न विचारता.
ते पन्नास मी शहरभर वाटले,
पिठाच्या गिरण्यांना, दवाखान्यांना, लग्नाच्या मांडवांना,
आणि आता फंडाच्या पैशातून घेतलेल्या स्पीकरसमोर
डोळे मिटून बसावं
तर यमनाच्या आधी, यमनाच्या खाली,
तेच पन्नास,
सेवापुस्तिका काखेत मारून आलेले.

मग एकेक बंद करत गेलो.
स्टॅबिलायझर. मोबाइलचा चार्जर. मोडेम.
वर जाऊन सोधानींना हात जोडून म्हटलं,
तुमच्या दिवाळीच्या झिरमिळ्या आता उतरवता का,
माझ्या सतारीत येतात.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
एकदा फ्रिजसुद्धा बंद केला,
चालू करायचा विसरलो.
दूध नासलं. त्या दिवशी कुमुद माझ्याशी
फक्त नासलेल्या दुधाबद्दल बोलली.

शेवटी भिंतीवर वाट्या आल्या.
तांब्याच्या, तीन, बोराएवढ्या,
लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या.
कोपऱ्यात साचलेला आवाज त्या मोकळा करतात म्हणे.
किंमत कुमुदला सांगितली छत्तीसशे.
खरी तुम्हीही विचारू नका.
पहिल्याच संध्याकाळी मी म्हणालो,
"खोली उघडली!"
ती म्हणाली, "कुठली खिडकी?"

मंगळवारी वसेकरांना फोनवर अर्धा तास सांगत होतो
की सतार आता भिंतीच्या हातभर पुढे बसते,
मिंड कशी स्वच्छ दिसते, अगदी दिसते.
गुरुवारी पाहतो तर भिंतीवर दोनच.
तिसरी देवापुढे, तिच्यात अष्टगंध.
"कधीपासून?"
"सोमवार."

यावर मी काही बोललो नाही.

शनिवारी मेन्टेनन्स, दोन ते चार.
लाईट गेली.
फ्रिज थांबला, सोधानींची घरघंटी थांबली,
कुठे कुठे काय काय चालू होतं
ते थांबल्यावर कळलं.
दिवसभराचे बूट काढावेत
तसे कान मोकळे झाले.
आत कुमुद कपड्यांच्या घड्या घालत गुणगुणत होती,
तीही थांबली.

"काय झालं?"
"काही नाही. सा गेला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
"फ्रिजवर धरते मी," ती म्हणाली, उशीचा अभ्रा झटकत.
"पांढरी पाचच्या केसभर वर आहे, पण चालतं.
खंडव्याच्या बदलीत पेटी मोडली ना,
तेव्हापासून.
तुम्ही म्हणाला होतात, आणू."

एकवीस वर्षं.
मी हिशेब केला, मग परत केला.

चार दहाला लाईट आली.
फ्रिजनं अंग झटकलं,
तिनं धागा उचलला, तोच,
जिथे सोडला होता तिथून.
मी दारात उभा होतो.
सूर किंचित उतरलेला वाटला,
माझ्या कानांवर आता माझाच भरवसा नाही,
पण तोंडातून निघून गेलं,
एकोणपन्नास-आठ. देवासकडे हरभऱ्याचे पंप सुरू झाले असणार.

ती गात राहिली.

कड्या अजून वायरींवरच आहेत,
काढायला फार घट्ट.
रात्री जेवताना म्हटलं, सोमवारी पेटी बघायला जाऊ.
तिनं भाताचा घास संपवला.
म्हणाली, फ्रिजला जुळणारी मिळाली तर बघू.